प्रसादाबद्दल कोणाला विचारायचं? धर्म, अन्न आणि औषध कायद्याचे जाणकार शोधताना

(धाड, जि. बुलडाणा येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

विषयाचं नाव जरा लांबलचक आहे, पण विषय आपल्या घरातला आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या एका घटनेपासून सुरुवात करू.

20 फेब्रुवारी 2024. माघातली एकादशी. लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावात हरिनाम सप्ताह चालू होता. एकादशी म्हणून प्रसादाला उपवासाचं, भगर आणि आमटी. प्रसाद घेतल्यावर शेकडो लोकांना उलट्या, जुलाब, मळमळ सुरू झाली. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरेनात. माणसांना बाहेर रस्त्याच्या कडेला झोपवलं, दोऱ्या बांधल्या आणि त्यांना सलाईनच्या बाटल्या लटकवल्या. तो फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

आता असं काही झालं की दुसऱ्या दिवशी चावडीवर काय बोलणं होतं? एक म्हणतो, "प्रसादाने कोणाला बाधा होतच नाही, दुसरंच काहीतरी असणार." दुसरा म्हणतो, "भगरीतच भेसळ होती, दुकानदाराला धरा." तिसरा म्हणतो, "फुकट वाटलेल्या प्रसादाला कसला आलाय कायदा!" चौथा म्हणतो, "मुळात एकादशीला भगर चालते का, हेच आधी बघा." आणि पाचवा मोबाईलवर कुठल्यातरी 'डॉक्टरां'चा व्हिडिओ दाखवतो.

पाचही जण मनापासून बोलत असतात. पण नीट ऐकलं तर हे पाच जण एका प्रश्नावर बोलतच नाहीयेत. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे आणि प्रत्येक प्रश्नाचा जाणकारही वेगळा आहे. आज मला एवढंच सांगायचंय: आधी प्रश्न वेगळा करा, मग माणूस शोधा. आपण नेमकं उलटं करतो. ओळखीचा मोठा माणूस गाठतो आणि सगळे प्रश्न त्याच्यापुढे टाकतो.

एका प्रसादात किती प्रश्न?

प्रसादाचं एक ताट समोर ठेवा. त्यात किमान तीन प्रश्न आहेत. परंपरा काय सांगते, हा पहिला. कायदा काय सांगतो, हा दुसरा. आणि त्या अन्नात प्रत्यक्षात काय आहे, हा तिसरा. पहिल्याला धर्माचा जाणकार लागतो, दुसऱ्याला कायद्याचा आणि तिसऱ्याला प्रयोगशाळा.

महाराजांना विचारलं की भगरीला बुरशी होती का, तर ते काय सांगणार? आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला विचारलं की एकादशीला भगर चालते का, तर तो फार तर आपल्या आईने काय शिकवलं ते सांगेल. दोघंही चांगली माणसं आहेत. फक्त दार चुकलं.

धर्माचा जाणकार: पाळणारा आणि अभ्यासणारा

धर्मापासून सुरुवात करू. इथे दोन प्रकारचे जाणकार असतात आणि दोघांची गल्लत होते.

पहिला म्हणजे परंपरा पाळणारा, चालवणारा. फडकरी, कीर्तनकार, पुजारी, महंत, मौलवी, मुजावर, भिक्खू. "आमच्याकडे काय चालतं, काय चालत नाही" याचं उत्तर यांच्याकडेच मिळतं. आळंदीला जोग महाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे शिकून आलेल्या माणसाला संप्रदायाचा आचार विचारलात तर तो नीट सांगेल.

दुसरा म्हणजे अभ्यासक. "ही रीत कधीपासून आहे, कुठून आली, इतर ठिकाणी काय आहे" हे त्याला विचारायचं. हिंदू धर्मशास्त्राच्या इतिहासात मोठं नाव पां. वा. काणे यांचं. त्यांचा 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' हा ग्रंथ पाच खंडांत 1930 ते 1962 या काळात आला आणि 1963 साली त्यांना भारतरत्न मिळालं. व्रतं आणि उत्सव यांच्यावर त्यातला पाचवा खंड आहे. एवढा जाड ग्रंथ नको वाटत असेल तर मराठी विश्वकोश आहे, इंटरनेटवर फुकट वाचता येतो. पंडित महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृती कोश बऱ्याच ग्रंथालयांत मिळतो.

या दोघांतला फरक साबुदाण्यावरून बघू. "शास्त्रात उपवासाला साबुदाणा सांगितलाय" असं कोणी छातीठोकपणे म्हणालं तर समजा की हा माणूस शास्त्र वाचून बोलत नाहीये. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, शेंगदाणा, मिरची हीसुद्धा तिकडचीच मंडळी. पोर्तुगीज येईपर्यंत ही पिकं इथे नव्हती. मग जुन्या ग्रंथात त्यांची नावं कशी असणार? पण याचा अर्थ साबुदाणा खाऊन उपवास मोडतो असा होत नाही. आजी म्हणते "चालतो", तर तुमच्या घरात चालतो. रूढी हाही आधार आहे. फक्त रूढीला रूढी म्हणा आणि ग्रंथाला ग्रंथ.

अजून एक. "धर्माचा जाणकार" असा एकच माणूस नसतो. आपल्या धाडच्या आसपासच बघा. शेगावला गजानन महाराजांचं संस्थान आहे. पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा, होळीच्या सुमारास तिथे यात्रा भरते, नारळांची होळी होते. आणि हद्द ओलांडून भोकरदन तालुक्यात गेलं की जाळीचा देव, महानुभावांचं मोठं तीर्थ. तिन्ही ठिकाणी माणसं श्रद्धेने जातात, आणि बरेचदा तीच माणसं तिन्ही ठिकाणी जातात. पण सैलानीच्या नियाजबद्दल शेगावच्या भक्ताला विचारून उपयोग नाही, आणि महानुभावांच्या आचाराबद्दल वारकऱ्याला विचारून उपयोग नाही. महानुभाव पंथाबद्दल अभ्यासकाचं मत हवं असेल तर वि. भि. कोलते यांचं लेखन बघा. ते आपल्याच जिल्ह्यातले, मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे. पण पंथाच्या आत आज काय पाळतात, ते महंतांनाच विचारावं लागेल.

फुकट वाटलं तरी कायदा आहे

आता दुसरं दार. आपल्या देशात खाण्याच्या पदार्थांचा मुख्य कायदा म्हणजे अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006. तो प्रत्यक्ष अंमलात आला 5 ऑगस्ट 2011 रोजी. त्याआधी 1954 चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा होता. तो आता रद्द झालेला आहे.

ही तारीख लक्षात ठेवा, कारण ती जाणकार ओळखायला कामी येते. कोणी आजच्या घटनेला 1954 चा भेसळ कायदा लावून दाखवत असेल, तर त्याचं ज्ञान 2011 च्या अलीकडे आलेलं नाही. तसंच 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. भेसळीची जुनी 272 आणि 273 ही कलमं आता 274 आणि 275 झाली आहेत. नव्या घटनेला जुना आकडा सांगणाऱ्याला नम्रपणे विचारा, "साहेब, हे कधीचं?"

आता चावडीवरच्या तिसऱ्या माणसाकडे येऊ. "फुकट वाटलेल्या प्रसादाला कसला कायदा?" 2006 च्या कायद्यात 'अन्न व्यवसाय' या शब्दाची व्याख्या आहे. तिच्यात स्पष्ट म्हटलंय की नफ्यासाठी असो किंवा नसो, खाजगी असो किंवा सार्वजनिक. आणि 2011 च्या परवाना व नोंदणीच्या नियमांत लहान अन्न उत्पादकाची व्याख्या करताना धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्याचा उल्लेख नाव घेऊन आहे. म्हणजे सप्ताह, भंडारा, उरूस, लंगर यांचा विचार कायदा करणाऱ्यांनी केलेला आहे. अशांना मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी असते. मोठ्या धर्मस्थळांसाठी केंद्राच्या प्राधिकरणाने 'भोग' नावाची योजनाही काढली. तिच्यात स्वयंपाकघराची तपासणी आणि सेवेकऱ्यांचं प्रशिक्षण असतं.

मग याचा जाणकार कोण? सगळ्यात जवळचा म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा अन्न सुरक्षा अधिकारी. त्याच्या वर सहायक आयुक्त (अन्न). या खात्याचं नाव 'अन्न व औषध' असं एकत्र आहे, पण आत दोन बाजू आहेत. अन्नाचा अधिकारी वेगळा, औषध निरीक्षक वेगळा. तक्रार भगरीची असेल आणि तुम्ही औषध निरीक्षकाच्या टेबलासमोर उभे राहिलात, तर तो तुम्हाला पलीकडे पाठवणार. त्यात त्याचा काही दोष नाही.

आपल्या धाडकरांसाठी एक खास गोष्ट. आपण हद्दीवर राहतो. इकडे बुलडाणा, तिकडे जालना. किराणा कधी बुलडाण्याहून येतो, कधी भोकरदनहून. ज्या जिल्ह्यात दुकान, त्या जिल्ह्याचा अधिकारी. तुमचं गाव बुलडाण्यात असलं तरी भगर भोकरदनला घेतली असेल, तर दुकानाची तपासणी जालन्याच्या अधिकाऱ्याकडे जाते. म्हणून पावती जपा. राज्य प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक 1800222365 आहे, केंद्राच्या प्राधिकरणाचा 1800112100. कोणाकडे जायचं कळत नसेल तर तिथून सुरुवात करा.

कायदा स्वतः वाचायचा असेल तर केंद्र सरकारच्या 'इंडिया कोड' या संकेतस्थळावर मूळ मजकूर फुकट आहे. बऱ्याच केंद्रीय कायद्यांचा मराठी अनुवाद राज्याचं भाषा संचालनालय करतं. वकिलाकडे जरूर जा, पण आधी कलम वाचून गेलात तर तुमचे प्रश्न नेमके होतील.

प्रयोगशाळा काय सांगते, काय सांगत नाही

तिसरं दार प्रयोगशाळेचं. अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करून सील करतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन वरिष्ठ अधिकाऱ्याकडे राहतात, आणि दुकानदाराने मागणी केली तर चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल मान्य नसेल तर 30 दिवसांत अपील करता येतं. एवढी काटेकोर पद्धत का? कारण एका कागदावर एखाद्याची इभ्रत आणि एखाद्याचा जीव अवलंबून असतो.

पण कागद हातात आला म्हणजे झालं, असंही नाही. सप्टेंबर 2024 मध्ये तिरुपतीच्या लाडवाचा वाद देशभर गाजला. तुपाच्या नमुन्यांचा एक अहवाल पुढे आला, तुपात बाहेरची चरबी असू शकते असं त्यातून निघत होतं. लगेच राजकारणी बोलले, टीव्ही बोलला, धर्माच्या नावाने रान पेटलं. पण त्याच अहवालासोबत एक टीप होती: गाईला कोणता चारा दिला, ती किती उपाशी होती, अशा काही कारणांमुळे चाचणी चुकीचा निष्कर्ष दाखवू शकते. ती टीप किती जणांनी वाचली? 30 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने विचारलं की तपास पूर्ण होण्याआधी हे जाहीरपणे बोलायची घाई का केली. मग 4 ऑक्टोबरला न्यायालयाने पाच जणांचं तपास पथक नेमलं. त्यात दोन सीबीआयचे, दोन राज्य पोलिसांचे आणि एक अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा वरिष्ठ अधिकारी. म्हणजे न्यायालयालाही वाटलं की पोलिसांसोबत अन्नाचा जाणकार हवाच.

यातून आपण काय घ्यायचं? अहवाल बघताना तीन गोष्टी बघा. नमुना नेमका कशाचा, ताटातल्या अन्नाचा की गोदामातल्या पोत्याचा? चाचणी कशाची केली? आणि शेवटची बारीक अक्षरातली टीप काय म्हणते?

औषधाचं दार: इथे धर्म आणि कायदा शेजारी बसतात

आता औषधाकडे. इथे एक गंमत आहे. औषधे व सौंदर्य प्रसाधने अधिनियम, 1940. या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जुन्या ग्रंथांची यादी आहे. चरक संहिता, सुश्रुत संहिता, अष्टांग हृदय, शार्ङ्गधर संहिता वगैरे. या ग्रंथांतल्या पाठाप्रमाणे बनवलेलं औषध कायद्याने आयुर्वेदिक औषध ठरतं. म्हणजे इथे खुद्द कायदाच परंपरेला साक्षीला बोलावतो. म्हणून आयुर्वेदिक औषधाबद्दल शंका आली तर नोंदणीकृत वैद्य आणि कायद्याचा अधिकारी, दोघांनाही विचारावं लागतं. बाटलीवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि घटक असायला हवेत. यात्रेत कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या भुकटीवर यातलं काहीच नसतं. गुडघेदुखी एका दिवसात थांबवणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार अनेकदा सापडलेले आहेत.

दुसरा कायदा म्हणजे औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954. रोग बरा करण्याची चमत्कारी शक्ती आहे असा दावा केलेले ताईत, मंत्र, कवच हे सगळे 'जादूटोणादी उपाय' या व्याख्येत येतात. मधुमेह, कर्करोग, अपस्मार अशा आजारांवर हे रामबाण आहे अशी जाहिरात करणं हा गुन्हा. नीट ऐका, हा कायदा जाहिरातीचा आहे. तुमच्या गळ्यातल्या ताइताला तो हात लावत नाही. आईने श्रद्धेने बांधलेला दोरा वेगळा आणि "रोग हमखास बरा" म्हणून पैसे घेऊन विकलेला दोरा वेगळा. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने टीव्हीवर चमत्कारी यंत्रं विकणाऱ्या जाहिराती बेकायदेशीर ठरवल्या. त्यासाठी हा कायदा आणि आपल्या राज्याचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा, दोन्हींचा आधार घेतला.

मग श्रद्धा आणि उपचार यांचं भांडणच असतं का? नाही. गुजरातमध्ये उनावा गावी मीरा दातार दर्गा आहे. मनाच्या आजाराची माणसं तिथे मोठ्या संख्येने येतात, आपल्याकडे सैलानीला आणि जाळीच्या देवाला येतात तशीच. 2008 पासून तिथे 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम चालला. मुजावर दुआ करतात आणि सांगतात, "बाजूला डॉक्टर बसलेत, त्यांनाही दाखवा." मुजावरांनी औषध दिलं नाही, डॉक्टरांनी दुआ दिली नाही. दोघांनी आपापलं दार सांभाळलं आणि एकमेकांचं दार दाखवलं. चांगला जाणकार मला असाच वाटतो.

जाणकाराला विचारायचे चार प्रश्न

कोणीही तज्ज्ञ म्हणून समोर आला की मनातल्या मनात चार प्रश्न विचारा. पहिला: हा ज्यावर बोलतोय, ते याचं काम आहे का? हृदयाचा मोठा डॉक्टर एकादशीवर बोलला तर ते एका भाविकाचं मत असतं. दुसरा: आधार सांगतो का? कलम, ग्रंथ, अहवाल, तारीख, काहीतरी? तिसरा: याला यातून काय मिळतं? भगर विकणारा भगरीबद्दल आणि ताईत विकणारा ताइताबद्दल काय सांगणार, ते उघड आहे. आणि चौथा: "हे माझ्या विषयाबाहेरचं आहे" असं तो कधी म्हणतो का? ज्याला सगळंच येतं, त्याच्यापासून दोन हात लांब राहिलेलं बरं.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: आमच्या गावात दरवर्षी सप्ताह असतो. आम्ही नेमकं काय करावं?*

आता मी सांगितलं त्याच क्रमाने जाऊ. एकादशीला काय करायचं ते तुमचे महाराज ठरवतील. नोंदणीबद्दल अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला सप्ताहाच्या आधीच भेटा, मंडप पडल्यावर नको. भगरीबद्दल प्रशासन सणांच्या आधी सूचना काढतं. दमट हवेत भगरीवर अस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि त्यातून विषारी द्रव्यं तयार होतात. म्हणून सुटी भगर किंवा सुटं पीठ घेऊ नका. पाकीटबंद घ्या, तारीख बघा, पीठ दळून साठवून ठेवू नका. आणि पाकीट व पावती सप्ताह संपेपर्यंत फेकू नका. दुर्दैवाने काही झालंच, तर आधी माणसं दवाखान्यात न्या. उरलेलं अन्न सांडून भांडी घासायची घाई करू नका, ते झाकून ठेवा. खरं कारण शोधायला तेवढंच हाती असतं.

*प्रश्न: अधिकारी आलाच नाही तर सामान्य माणूस स्वतः तपासणी करून घेऊ शकतो का?*

हो. 2006 च्या कायद्यात कलम 40 आहे. ग्राहक स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. अट एकच, विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे. पदार्थ निकृष्ट निघाला तर भरलेली फी परत मिळण्याचा हक्क आहे.

*प्रश्न: पण प्रसादाची तपासणी मागितली तर लोक नास्तिक म्हणतात. त्याला काय उत्तर द्यायचं?*

हा खरा अवघड प्रश्न आहे. मी एवढंच म्हणेन. नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात करायची रीत कशासाठी होती? देवाला जे द्यायचं ते शुद्ध असावं म्हणून. तुमच्या गावातल्या एखाद्या जाणत्या कीर्तनकाराला हे सप्ताहातल्या कीर्तनात सांगायची विनंती करा. भगरीचं पाकीट आणि तारीख बघा, हे अधिकाऱ्याने सांगितलं तर सूचना वाटेल. त्यांनी सांगितलं तर लोक घरी जाऊन बघतील.